अश्वगंधा: औषधाच्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. 2020 नंतर अश्वगंधेबद्दल कोणी विचारलं नाही असा दिवस विरळाच. कुणाला झोप लागत नाही, कुणाला थकवा आहे, कुणाला जिमसाठी हवी, कुणाला सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. मागे चार माणसं उभी असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: अश्वगंधा हे खरोखरीचं औषध आहे, आणि तुमची दुसरी कुठलीही गोळी चालू असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अश्वगंधेबद्दल सांगायलाच हवं.

अश्वगंधा, असगंध आणि आस्कंद एकच का?

एकच. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्याच कुळातलं कंबरेएवढं झुडूप. कागदी आवरणात लपलेली छोटी लाल फळं येतात. औषधात वापरायचं ते मूळ. चरकसंहितेत ती बल्य आणि बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या आणि अंग भरणाऱ्या द्रव्यांत मोजली आहे. आजारातून उठलेल्या, वाळलेल्या, दमलेल्या माणसाला ती देण्याची परंपरा तिथून आली.

नीमचची असगंध चांगली म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. आपल्या माळव्याला तो मान आहेच. रतलाम ओलांडून मंदसौर-नीमचकडे गेलं की हा पट्टा लागतो. देशातल्या प्रमुख उत्पादक भागांपैकी तो एक, आणि नीमचची मंडी तर जडीबुटीसाठी नावाजलेली. पाऊस ओसरत आला की ऑगस्टच्या सुमारास पेरतात. पानं वाळायला आणि फळं लाल व्हायला लागली की जानेवारी ते मार्चमध्ये झाडं मुळासकट उपटतात. 'जवाहर असगंध-20' आणि 'जवाहर असगंध-134' हे वाण मंदसौरच्याच संशोधनातून आले. मंडीत मुळांची प्रतवारी होते. लांब, जाड, आतून पांढरी मुळं वरच्या दरात जातात, बारीक काड्या आणि तुकडे खालच्या दरात. स्वस्त चूर्णात बहुतेकदा कुठली प्रत जात असेल, ते यावरून समजून घ्या.

तिचा खरंच उपयोग होतो का, की नुसती जाहिरात?

उपयोग होतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढ्या गोष्टींसाठी नाही.

ताणासाठी सगळ्यात जास्त ज्याचा दाखला दिला जातो तो अभ्यास 2012 सालचा, भारतातलाच. 64 प्रौढ, 60 दिवस, दिवसातून दोनदा 300 मिलिग्रॅम मुळाचा अर्क. ताणाच्या प्रश्नावलीतले गुण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक), दोन्ही औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले. झोपेबद्दल 2021 मध्ये पाच चाचण्या आणि 400 माणसं एकत्र धरून विश्लेषण झालं. त्यात फरक दिसला, पण तो लहान होता. ज्यांना खरोखर निद्रानाश होता आणि ज्यांनी दिवसाला 600 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, निदान आठ आठवडे घेतली, त्यांच्यात तो जास्त दिसला.

आता याची दुसरी बाजू. हे अभ्यास छोटे आहेत, बरेचसे अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशानं झालेले आहेत, आणि तीन महिन्यांपलीकडे फारसे जात नाहीत. म्हणून वर्षभर घेतली तर काय होतं, याचं उत्तर या चाचण्यांतून मिळत नाही. गुडघे, स्मरणशक्ती, वजन, केस, कर्करोग यांवरचे दावे याहून कितीतरी कच्चे आहेत. कर्करोगाचे उपचार चालू असताना कुणी "हेच घ्या, केमो सोडा" म्हणालं, तर त्या माणसापासून लांब राहा. हे मी फार कळवळून लिहिते आहे.

चूर्ण किती घ्यायचं आणि कॅप्सूल किती? दोन्ही सारखंच ना?

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

आयुर्वेदाच्या अधिकृत फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, मुळाच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे, तीही वैद्यानं प्रकृती, पचन, वय बघून ठरवायची. कॅप्सूलमध्ये मात्र बहुतेक वेळा चूर्ण नसून अर्क असतो. मुळातले विथॅनोलाइड नावाचे घटक काढून, दाट करून भरलेले असतात.

हिशोब करून बघू. मुळात 0.3 टक्के विथॅनोलाइडं आहेत असं धरलं तर 3 ग्रॅम चूर्णात ती 9 मिलिग्रॅम झाली. कॅप्सूलच्या डबीवर '600 मिलिग्रॅम अर्क, 5 टक्के विथॅनोलाइड' असं असेल तर ती झाली 30 मिलिग्रॅम. 10 टक्क्यांचा अर्क असेल तर 60. बाजारात याहूनही तीव्र अर्क मिळतात. म्हणजे "आमची आजी चमचाभर घ्यायची, तिला काही झालं नाही" हा दाखला कॅप्सूलला लागूच होत नाही. आजीनं ते औषध पाहिलंही नव्हतं.

डबी हातात घेतली की तीन गोष्टी वाचा: चूर्ण आहे की अर्क, अर्क असेल तर किती टक्के, आणि मूळच वापरलंय का. यातली एकही गोष्ट छापलेली नसेल तर डबी परत ठेवा. आणि एकाच वेळी दोन-तीन औषधांतून अश्वगंधा पोटात जात नाही ना, तेही पाहा. झोपेसाठी चघळायच्या 'गमी'त, प्रोटीन पावडरीत, 'इम्युनिटी'च्या गोळीत, च्यवनप्राशात ती असू शकते.

पानांचं काय? पानांचा रस घेऊन वजन उतरतं म्हणतात.

घेऊ नका. पानांची रासायनिक घडण मुळापेक्षा वेगळी असते. पेशींना मारक असणारं विथाफेरिन-ए त्यात मुळापेक्षा बरंच जास्त असतं. परंपरेतही पोटात घ्यायचं ते मूळच, पानं लेपासाठी. पानं स्वस्त पडतात, म्हणून काही उत्पादक त्यांचा अर्क मिसळू लागले होते. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना स्पष्ट सूचना केली की पानं वापरू नका, मूळच वापरा.

अश्वगंधेनं लिव्हर खराब होतं का? व्हॉट्सॲपवर आलं होतं.

त्या मेसेजमधली भाषा भडक असेल, पण मुद्दा खोटा नाही.

बहुसंख्य लोकांना काही होत नाही. मात्र थोड्या लोकांच्या यकृताला इजा होते आणि ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. 2020 मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. 2023 मध्ये भारतातल्या रुग्णांचीही झाली. "हे परदेशातल्या भेसळीचं आहे" असं म्हणण्याची सोय त्यानंतर राहिली नाही. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संग्रहातही अश्वगंधा आता 'इजेचं संभाव्य कारण' म्हणून धरलेली आहे.

चित्र साधारण असं असतं. सुरू केल्यापासून 2 ते 12 आठवड्यांत मळमळ, भूक मरणं, मग लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, आणि अंगाला न थांबणारी खाज. खाजेकडे लक्ष द्या. पुरळ काहीच नसतं, नुसती तळहाता-तळपायांपासून अंगभर खाज सुटते, आणि माणूस साबण बदलत बसतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी अश्वगंधा बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज या यकृताच्या रक्ततपासण्या करून घ्या. बहुतेकांचं यकृत औषध थांबवल्यावर एक ते चार महिन्यांत पूर्ववत होतं. बरं वाटलं म्हणून पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्यांदा त्रास लवकर आणि जास्त होऊ शकतो.

ज्यांना आधीच सिरॉसिस, हिपॅटायटिस किंवा दारूमुळे झालेला यकृताचा आजार आहे, त्यांनी हे औषध घेऊच नये. भारतातल्या त्या नोंदींत जिवावर बेतलं ते आधीच यकृत आजारी असलेल्यांच्या. आपल्याकडे कावीळ झाली की आधी झाडपाल्याच्या औषधाला पळतात, ही सवय अशा वेळी फार महागात पडते.

थायरॉइडची गोळी चालू आहे. अश्वगंधा घेऊ का?

मनानं घेऊ नका. काउंटरवर मला सर्वांत जास्त भेटणारी जोडी हीच: सकाळच्या थायरॉक्सिनच्या बाटलीबरोबर अश्वगंधेची डबी. मी विचारते, "काकू, डॉक्टरांना सांगितलंत का?" आणि उत्तर ठरलेलं: "अगं, ते औषध थोडंच आहे, ते तर आयुर्वेदिक."

अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. 2018 मधल्या एका भारतीय चाचणीत, थायरॉइड किंचित मंद असलेल्या 50 जणांपैकी ज्यांना रोज 600 मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला, त्यांचं टीएसएच (थायरॉइड मंद झाला की वाढणारं संप्रेरक) उतरलं आणि टी-3, टी-4 ही थायरॉइडची संप्रेरकं वाढली. वाचायला छान वाटतं. पण तुम्ही आधीच बाहेरून थायरॉक्सिन घेत असाल, आणि डॉक्टरांनी मात्रा तुमच्या जुन्या रिपोर्टवर बेतली असेल, तर वरून ही भर पडली की पारडं दुसऱ्या बाजूला झुकू शकतं. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं, झोप उडणं. झोप उडाली की माणूस अश्वगंधा आणखी वाढवतो, कारण ती झोपेसाठीच घेतलेली असते.

ज्यांचा थायरॉइड मुळातच जास्त चालतो, त्यांनी तर अजिबात नको. मंद असलेल्यांना घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, सुरू करण्याआधी टीएसएच आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. गोळी स्वतःहून बंद करून "आता अश्वगंधेवरच भागवते" हा प्रयोग कोणीही करू नये.

आणखी कोणत्या औषधांबरोबर सांभाळावं?

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन, कारण साखर जास्त उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या, कारण रक्तदाबही जास्त उतरू शकतो. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, जसं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम: दोन्हींची गुंगी एकात मिसळते, आणि मग सकाळी गाडी चालवणं धोक्याचं. फिट्सच्या गोळ्या. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. किडनी किंवा लिव्हर बसवलेल्यांनी अश्वगंधेला हात लावू नये. संधिवात, ल्यूपस यांसारखे स्वप्रतिरक्षा आजार असतील तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांनीही टाळावी, कारण ती टेस्टोस्टेरॉन वाढवू शकते. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगावं.

गरोदरपणात? बाळंतिणीला?

गरोदरपणात नको. जास्त मात्रेनं गर्भपात होऊ शकतो अशी भीती जुनी आहे, आणि तिथे धोका पत्करायचं काही कारण नाही. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तर पाळी चुकताच बंद. अंगावर पाजणाऱ्या आईला देण्याची घरोघरी पद्धत आहे, हे मला माहीत आहे. पण दुधातून बाळात किती जातं याची खात्रीची माहिती नसताना, वैद्यांनी तपासून दिल्याशिवाय मी तरी बाटली हातात देत नाही. त्यावर रुसून गेलेल्या आज्याही आहेत.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, जिमला जातो. ट्रेनरनं सांगितलंय.

वाढत्या वयात संप्रेरकांवर काम करणारी गोष्ट ट्रेनरच्या सांगण्यावरून नको. डाळ, अंडी, दूध, पुरेशी झोप यांनी त्या वयात जे होतं ते कॅप्सूलनं होत नाही. मोठ्यांमध्ये व्यायामासोबत ताकद थोडी वाढल्याचे अभ्यास आहेत, पण ते प्रौढांवरचे. आणि जिममधल्या सुट्या डब्यांत अश्वगंधेच्या नावाखाली आणखी काय असेल, हे तुम्हाला किंवा मला नुसतं पाहून कळत नाही.

दुधातूनच का घ्यायची?

चवीला कडवट-तुरट असते आणि रिकाम्या पोटी काहींना मळमळते, म्हणून दूध. क्षीरपाक करायचा तर चूर्ण दूध-पाण्यात घालून मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळतात. दूध पचत नसेल तर कोमट पाणी किंवा तूप चालतं. जुलाब, पोटात गुडगुड सुरू झालं तर मात्रा जास्त होते आहे.

दिंकाच्या लाडवांत घातली तर?

थंडीत आपल्याकडे लाडवांत असगंध घालायची रीत आहे, आणि किलोभर लाडवांत दोन-चार चमचे चूर्ण गेलं तर धडधाकट माणसानं काळजी करू नये. पण डबा सगळ्या घराचा असतो. घरात गरोदर सून असेल, थायरॉइडची काकू असेल, किडनी बसवलेले काका असतील, तर त्यांचे लाडू वेगळे वळा.

किती दिवस घ्यावी?

दोन ते तीन महिने, मग थांबून बघावं. आठ आठवड्यांत झोपेत, थकव्यात काहीच फरक नसेल तर पुढेही फारसा पडणार नाही. तेव्हा हिमोग्लोबिन, बी-12, साखर, थायरॉइड तपासा. थकव्याचं कारण पुष्कळदा त्यातच सापडतं.

अश्वगंधारिष्ट चालेल का?

त्यात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. यकृताचा आजार, दारू सोडलेली व्यक्ती, लहान मूल, मेट्रोनिडाझोलसारखी गोळी चालू असलेला रुग्ण: यांना नको.

शुगरसाठी पनीर डोडा आणते. तीही अश्वगंधाच म्हणे?

तिची चुलत बहीण. पनीर डोडा म्हणजे विथानिया कोअग्युलन्सची सुकी फळं. त्यांनी दूध फाटतं म्हणून ते नाव. कुळ आणि वंश एकच, वनस्पती वेगळी, वापरायचा भागही वेगळा. तीही साखर उतरवते म्हणून लोक घेतात. तेव्हा मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, पनीर डोड्याचं पाणी आणि अश्वगंधा असं सगळं एकदम चालू असेल, तर भल्या सकाळी हातपाय गळून घाम फुटण्याचं कारण दुसरीकडे शोधायला नको.

सियागंज किंवा मारोठिया बाजारातून सुटं मूळ आणलं तर बरं का?

ओळखीचं, माल फिरतं ठेवणारं दुकान असेल तर चूर्णापेक्षा अखंड मूळ केव्हाही बरं. चूर्णात स्टार्च, देठ, पानं काहीही लपतं, मुळात एवढं लपवता येत नाही. मूळ हातात घेऊन पाहा: बाहेरून फिकट पिवळसर-तपकिरी, उभ्या बारीक सुरकुत्या, खाली निमुळतं. मोडलं की कट्‌कन तुटावं आणि आत पांढरं, पिठूळ दिसावं. बोटाला पांढरी भुकटी लागते. वास उग्र, जनावरांच्या गोठ्याची आठवण करून देणारा. वास नसेल तर माल जुना. लवचीक, न तुटणारं असेल तर ओलसर राहिलेलं आहे, त्यावर बुरशी धरते. बारीक भोकं आणि खाली पीठ सांडलेलं दिसलं तर कीड लागली आहे; पिष्टमय मुळाला ती पटकन लागते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि लागेल तेवढंच कुटून वस्त्रगाळ करा.

पॅकबंद घेत असाल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मुदत बघा. रस्त्याकडेच्या तंबूतली पुडी, जिच्यानं "दोन दिवसांत गुडघे मोकळे" होतात, ती घेऊ नका. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

मुलगी परदेशात आहे, तिच्यासाठी पाठवू का?

आधी त्या देशाचा नियम बघा. डेन्मार्कनं 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. तिथल्या तंत्र विद्यापीठाच्या 2020 मधल्या अहवालात थायरॉइड, लैंगिक संप्रेरकं आणि गर्भ यांवरच्या परिणामांची चिंता होती. भारतातल्या तज्ज्ञांनी तो अहवाल एकांगी ठरवला, त्यांच्या काही हरकती मला पटतातही. पण विमानतळावर तुमची बॅग उघडली जाईल तेव्हा तो वाद कामाला येणार नाही. अमेरिकेत ती पूरक आहार म्हणून विकली जाते.

त्रास झाला तर कोणाला सांगायचं?

आधी डॉक्टरांना, आणि जाताना डबी सोबत न्या. "कसलीतरी पावडर" एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही. लेबल, टक्केवारी, किती दिवस घेतली, हे हवं. आयुर्वेदिक सल्ला हवा असेल तर इंदुरातल्या लोकमान्य नगरच्या शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाता येईल. तिथेही चालू असलेल्या ॲलोपथीच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. औषधाचा दुष्परिणाम नोंदवायला भारतीय फार्माकोपिया आयोगाचा 1800-180-3024 हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि आयुष औषधांसाठी 2018 पासून वेगळा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. फॉर्म भरताना अडलं तर औषध जिथून घेतलं त्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. भरायला मदत करणं आमच्या कामातच येतं.